चढणारे तेल आणि आमचे हसणे

पेठ वडगावात आमच्यापुढे एकदा तेल चढवून दाखवण्यात आले. काचेच्या भांड्यात ट्रान्सफॉर्मरचे तेल, त्यात मिलिमीटरभर अंतर राखून उभ्या केलेल्या दोन पितळी पट्ट्या, आणि जुन्या टीव्हीच्या भागांतून जुळवलेला दोनेक हजार व्होल्टचा संच. केशाकर्षणाने तेल आधीच थोडे चढलेले असे. बटण दाबले की ते आणखी दोन-अडीच मिलिमीटर वर सरके आणि तेथेच थांबून राही. "मीटर तर हलत न्हाई, मग त्याल चढतंय कुणाच्या जोरावर?" असे ते कारागीर गृहस्थ विचारीत. पुढची योजनाही तयार होती: मोठ्या पट्ट्या, वरून सांडणारे तेल, त्यावर फिरणारे चाक. त्यासाठी भावकीतून पैसे गोळा होऊ घातले होते. त्यांत एका घरच्या दोन म्हशी विकून आलेली रक्कम होती. आम्ही शिकलेली मंडळी हसलो. उष्मागतिकीच्या नियमांत हे बसत नाही, एवढे बोलून चहा घेतला आणि निघालो.

आमचे भांडण त्या हसण्याशी आहे. कारण तेल चढणे नियमांत पुरेपूर बसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पेला यांनी नेमका हाच प्रयोग केला होता. नियमांत बसत नव्हते ते केवळ चाक, आणि ते का बसत नाही हे आम्ही सांगितलेच नाही. 'नियमांत बसत नाही' आणि 'शास्त्रात सांगितलेले नाही' ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याच्या कानी एकसारखीच पडतात. दुसऱ्या वाक्याविरुद्ध आम्ही आयुष्यभर व्याख्याने देत आलो. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शाश्वत गतीची यंत्रे तपासणे 1775 सालीच बंद केले, हा दाखला आमचे मित्र मोठ्या तोऱ्याने देतात. अकादमीला ते परवडले. तिच्या दारात कोणाच्या म्हशी बांधलेल्या नव्हत्या.

हिशेब असा आहे. पट्ट्यांमध्ये हवेच्या जागी तेल शिरले की त्यांची विद्युत्भार धरून ठेवण्याची क्षमता वाढते, आणि दाब तोच राखायचा तर संचाला आणखी भार पुरवावा लागतो. तेल चढत असते तेवढाच वेळ ही धारा वाहते. ती इतकी क्षीण असते की साध्या मीटरचा काटा तिची दखल घेत नाही. या वाढीव भारापोटी संचातून रुपयाभर ऊर्जा गेली असे धरले, तर आठ आणे विद्युत् क्षेत्रात साठतात, चार आणे तेलाच्या वाढलेल्या उंचीत जातात, आणि उरलेले चार आणे तेल हिंदकळून स्थिरावताना उष्णता होऊन संपतात. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत, तसा हा व्यवहार आहे. देणेघेणे चोख होते, बघणाऱ्याला मात्र रुमालच दिसतो.

आता सांडण्याचे पाहू. क्षेत्र तेलाला ज्या जोराने आत ओढते, त्याच जोराने बाहेर पडणाऱ्या तेलाला मागे खेचते. म्हणून पट्ट्यांच्या वरच्या काठावरून थेंब गळत नाही. संच बंद केला तर तेल सुटते, पण ते खाली, भांड्यातच. एवढे सांगायला पाच मिनिटे आणि पाटीवरच्या चार ओळी पुरल्या असत्या.

नियमांना आव्हान दिल्याच्या बातम्यांवर जगणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट. नियम म्हणजे कोणा सनातन्यांची सत्ता आणि तो मोडणारा म्हणजे बंडखोर, ही कल्पना मराठी वाचकाला भावते. बंडखोरांवर आपला जीव आहे. पण ज्या केल्विनने 1851 साली दुसरा नियम मांडला, त्यानेच 1867 साली नुसत्या ठिबकणाऱ्या पाण्यातून ठिणगी पाडून दाखवली. दोन डबे, दोन कडी, पाण्याच्या दोन धारा. कोठेही बॅटरी नाही. त्याला त्यात बंड दिसले नाही, कारण ठिणगीची किंमत पडणारे पाणी आपल्या उंचीतून चुकती करते हे त्याला ठाऊक होते. 2002 साली कॅनबेरातील संशोधकांनी पाण्यातला एक सूक्ष्म मणी प्रकाशाच्या चिमटीत धरून ओढला. सेकंद-दोन सेकंदांच्या अवधीत तो अधूनमधून दुसऱ्या नियमाच्या उलट वागताना आढळला, आणि नियम मोडल्याचे मथळे झळकले. वस्तुतः अशी उलटी वागणूक किती वेळा दिसावी हे सांगणारे गणित 1990च्या दशकातच तयार होते. दुसरा नियम संख्याशास्त्रीय आहे, काळ आणि आकार वाढला की हे अपवाद झपाट्याने विरळ होतात, ही खरी बातमी होती. ती कोणी छापली नाही. (आमचे समीक्षकबंधू तर 'एन्ट्रॉपी' हा शब्द कवितेच्या ऱ्हासासाठी वापरून मोकळे झाले आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

वडगावचे ते गृहस्थ या दोन्ही पक्षांतले नव्हते. कुणाच्या जोरावर, हा त्यांचा प्रश्न पहिल्या नियमाचाच प्रश्न होता, आणि आमच्या उत्तरापेक्षा तो अधिक शास्त्रीय होता. आम्ही हसलो तेव्हा त्यांनी बटण बंद केले. तेल खाली उतरले. मग त्यांनी ते पुन्हा चढवून दाखवले, आणि मीटर चुकीच्या जागी लावलेला नाही ना, असे आम्हालाच विचारले.