पाटीवर डोळा, नकाशाकडे पाठ

१ नोव्हेंबरला काळा दिन, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन आणि १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकासमोर नतमस्तक होणे, असा सीमाभागातील मराठी माणसाच्या वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. तो आम्ही पाळत आलो आणि पुढेही पाळू. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोणता कागद लागला, त्यात काय लिहिले होते आणि त्यावर हरकत घेण्याची मुदत कधी संपली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? या प्रश्नाचे उत्तर सुखावणारे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तो विचारणे भाग आहे.

२०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरचा फलक हटवला गेला तेव्हा सारा सीमाभाग पेटून उठला. २०२४ साली दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवी, अशी दुरुस्ती कर्नाटक विधिमंडळाने केली तेव्हाही गल्लोगल्ली चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पाटी म्हणजे गावाचे तोंड. ते पुसले तर राग येणारच. पण पाटी रातोरात बदलली तर सकाळी डोळ्यांना दिसते. शिवाराचा झोन बदलला तर तो डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो पाच-दहा वर्षांनी, बांधावर जेसीबी येऊन उभा राहतो तेव्हा. आणि तेव्हा हरकतीची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

रंग कोण भरतो?

विषय जरा रुक्ष आहे, पण ज्याची चार गुंठे जमीन आहे त्याने तो समजून घेतलाच पाहिजे. शहर आणि त्याच्या लगतची गावे यांच्या वाढीचा आराखडा कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ याखाली तयार होतो. बेळगावपुरते बोलायचे तर हे काम नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘बुडा’कडे आहे. या आराखड्याचा गाभा म्हणजे रंगीत नकाशा. सहसा पिवळा रंग म्हणजे वस्ती, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे कारखाने, लाल म्हणजे शाळा, दवाखाने, कचेऱ्या. हिरवा म्हणजे उद्याने आणि फिकट हिरवा म्हणजे शेती. त्यावरून रस्त्यांच्या रेघा जातात. आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात पडला आणि त्यावरून रेघ गेली की नाही, एवढ्यावर एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ठरते.

जमीन पिवळ्यात गेली तर तिचा भाव चढतो, फिकट हिरव्यात राहिली तर तिथे घर बांधायची परवानगी मिळणे अवघड होते आणि रस्त्याच्या रेघेखाली आली तर ती धड विकता येत नाही, धड बांधता येत नाही. अशा वेळी भाऊहिस्सा कसा करायचा, मुलीच्या लग्नाला कर्ज कशावर काढायचे, हे प्रश्न त्या रंगांशी बांधलेले आहेत.

शहापूर, वडगाव, येळ्ळूर, धामणे या पट्ट्यातील शिवार डोळ्यांपुढे आणा. बेळगावचा बासमती याच मातीतला. भात निघाले की मसूर, वाटाणा, हरभरा येतो. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात इथे पसरते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. ते नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. नाल्याकाठी भराव पडला की पाणी वरच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात शिरते. त्याची जमीन विकलेली नसते, संपादनातही गेलेली नसते, तरी पीक मात्र जाते. ही माहिती देऊ शकेल असा जाणकार एकच, तो म्हणजे तिथे राबणारा शेतकरी. आणि कायद्याने त्याला बोलण्यासाठी जी वेळ दिली आहे, त्या वेळी तो गप्प असतो. कारण कागद त्याला वाचता आलेला नसतो.

पंधरा, एकवीस, साठ

हे तीन आकडे प्रत्येक गावाच्या चावडीवर रंगवून ठेवावेत असे आम्हाला वाटते. सरकारची तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर मत मांडायला लोकांना ६० दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात मध्येच एखाद्या जमिनीचा वापर बदलायचा असेल तर तो प्रस्ताव वर्तमानपत्रात छापून हरकती मागवाव्या लागतात. त्याची मुदत किमान १५ दिवसांची असते. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली जमीन घ्यायची असेल तर हरकतीला २१ दिवस. इतर कामांसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली पुन्हा ६० दिवस.

हलगा–मच्छे बायपासच्या वादात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पुढे रिंगरोडच्या नोटिसा आल्या तेव्हा तालुक्यातील गावेच्या गावे खडबडून जागी झाली. त्या लढ्यांनी सीमाभागाला एक गोष्ट शिकवली आहे: कोर्टात वकिलाला लागते ती मुदतीत दिलेली लेखी हरकत आणि तिची पोच. मोर्चाचे छायाचित्र तिथे कामाला येत नाही.

‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणाची?

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो की प्राथमिक अधिसूचना पंचायतीत, नगरपालिकेत आणि महसूल कचेऱ्यांत ‘स्थानिक भाषेत’ प्रसिद्ध करावी. महामार्ग कायदाही दोन स्थानिक वर्तमानपत्रांपैकी एक देशी भाषेतले असावे असे म्हणतो. ज्या गावात घरात, देवळात, बाजारात आणि भजनात मराठी बोलली जाते, त्या गावाची स्थानिक भाषा कोणती, हे सांगायला पंडिताची गरज नाही. पण कारभारात ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ ‘राज्याची’ असा लावला जातो. राज्याची राजभाषा कन्नड आहे, १९६३ च्या राजभाषा कायद्याने ती तशी ठरली आणि १९८१ च्या कायद्याने स्थानिक संस्थांनाही ती लागू झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण राजभाषा म्हणजे कारभाराची भाषा. जिची जमीन जाणार आहे, त्या माणसाला कळवण्याची भाषा वेगळी असू शकते, हे त्याच देशाच्या धोरणाने मान्य केलेले आहे.

राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणे देण्याचे ठरले, त्यांत एक स्पष्ट आहे: जिल्ह्यात किंवा त्याहून लहान भागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असतील तर महत्त्वाचे नियम व नोटिसा त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक १८ टक्क्यांहून अधिक होते. हा संपूर्ण जिल्ह्याचा आकडा आहे. सीमेलगतच्या गावांचा काढला तर तो कुठे जाईल हे वाचकांनीच ठरवावे. मराठी कागदपत्रांसाठी आजवर निघालेल्या मोर्चांचा आधार हाच आहे. अर्थात, ही संरक्षणे धोरणाच्या रूपात आहेत. कायद्याच्या कलमासारखी ती कोर्टात धरून बसता येत नाहीत, हेही लोकांना खरे सांगितले पाहिजे.

मात्र राज्यघटनेचे ३५० वे कलम हाती आहे. गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. उत्तर मराठीत मिळेल अशी हमी त्यात नाही. पण ‘मराठीतला अर्ज घेणार नाही’ असे टेबलामागून कुणी म्हणत असेल तर त्याला हे कलम शांतपणे दाखवावे. हरकत मराठीत देता येते. ती दिलीच नाही, तर दोष घटनेचा नाही.

दोष आपल्याही पदरी

सगळे खापर सरकारच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. सीमाभागातील अनेक ग्रामपंचायतींत बहुसंख्य सदस्य मराठी आहेत. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायतराज कायद्याप्रमाणे सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा व्हायला हवी. त्या सभेला किती जण बसतात? घरकुलांची यादी, रोजगार हमीची कामे आणि पाण्याची टाकी एवढे झाले की सभा उठते. आराखड्याचा नकाशा गावापुढे मांडा, अशी मागणी कुणी केली आहे काय?

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलतो. कागद कोणत्याही भाषेत असो, तो आधी वाचतो दलाल. रिंगरोड कुठून जाणार, कोणता पट्टा पिवळा होणार, हे त्याला गावाच्या आधी कळते. तो दलाल प्रत्येक वेळी परका असतो असे नाही. कधी तो आपल्याच गल्लीतला, आपल्याच मंडळाचा कार्यकर्ताही असतो. २०२० साली भूसुधारणा कायद्यातील दुरुस्तीने बिगरशेतकऱ्यांसाठी शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली आणि या धंद्याला बरकत आली. गुंठा-दोन गुंठ्याचे तुकडे नुसत्या बाँडपेपरवर विकले जातात. ते घेणारा कोण? उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात राबणारा, खेड्यातून आलेला आपलाच मराठी कामगार. त्याच्याकडे ना बिगरशेतीचा आदेश, ना मंजूर लेआउट, ना पंचायतीचा खातेउतारा. उद्या त्या घरावर रस्त्याची रेघ आली तर भरपाई ज्याच्या नावावर उतारा आहे त्याला. याच्या हाती फक्त बाँड. मराठीच्या नावाने मते मागणाऱ्यांनी या माणसाला वेळीच सावध केले असते तर ती मराठीची मोठी सेवा ठरली असती.

आणि हेही लक्षात घ्यावे की बांधापलीकडचा कन्नड शेतकरी याच नोटिशीपुढे जवळजवळ तितकाच हतबल असतो. सरकारी कन्नड त्याच्या घरच्या कन्नडपासून दूर आहे. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, आर, गुंठे यांच्या जंगलात तोही हरवतो. बळ्ळारी नाल्याचे पाणी शेतात शिरताना भाषा विचारत नाही. जमिनीच्या लढ्यात त्याला बरोबर घेण्यात कमीपणा नाही. उलट बळ आहे.

गोव्याने काय केले?

शेजारच्या गोव्याकडे पाहा. २००६ साली तिथे प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. त्यात शेती, डोंगरउतार आणि बागायती वस्तीच्या रंगात गेल्याचे लोकांनी नकाशे उघडून दाखवून दिले. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा २०२१ चा आराखडा करताना गावांची मते मागवावी लागली. त्यानंतरही कायद्यात दुरुस्त्या करून एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. त्यांतील एका दुरुस्तीखालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले. ते नकाशे काही कोकणी-मराठीत नव्हते. इंग्रजी कागद गावातल्या शिकलेल्या पोरांनी वाचून दाखवले आणि म्हाताऱ्यांनी बोट ठेवून सांगितले, ‘हे भाताचे शेत आहे, इथे वस्ती कशी?’ वाचणारा आणि जाणणारा एकत्र आला की नकाशा गप्प बसतो.

आपल्याकडेही वाचणारा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना कन्नड वाचता येते. मग ती विद्या केवळ परीक्षेपुरती का? प्रत्येक गावात अशा चार तरुण-तरुणींनी एवढेच करावे: दर सोमवारी पंचायतीचा फळा आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा पाहाव्यात, गावचे नाव दिसले की त्याचा सोपा मराठी मजकूर देवळाच्या कट्ट्यावर लावावा आणि हरकतीची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. पंचांनी ग्रामसभेत ठराव करून आराखड्याची प्रत आणि नोटिशीचे मराठी भाषांतर मागावे. ज्याची जमीन आहे त्याने सर्व्हे नंबर घालून लेखी हरकत द्यावी आणि स्थळप्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्याची वाट पाहण्याची चिकाटी सीमावासीयांनी दाखवली आहे. पण त्या निकालाच्या दिवशी गावाचे नाव मराठीत राहिले आणि गावाचे शिवार मात्र प्लॉटच्या दगडांनी भरून गेले, तर आपण काय मिळवले? निकाल आपल्या हाती नाही. हरकतीचे पंधरा दिवस मात्र आहेत. येत्या ग्रामसभेला जा, नकाशा मागा आणि आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे ते आधी पाहून घ्या.