एकशे दहा लावा, शंभर मिळवा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, पाडवा म्हणतो; पण जुन्या पंचांगांत तिचे आणखी एक नाव आढळते. ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि शंकर हरले, अशी कथा आहे. आमच्या आजीचा या कथेवर पूर्ण विश्वास होता. पाडव्याच्या दुपारी फराळाची ताटे उचलली, की ती कवड्या काढी आणि आम्हा नातवंडांना सारीपाटाभोवती बसवी. पणाला लागत ते चिरोटे आणि अनारसे. एका वर्षी मी सात अनारसे हरलो आणि भोकाड पसरले. आजीने ते परत तर दिले नाहीतच, उलट म्हणाली, "हरलेलं परत मागायचं नसतं. आणि परत मिळवायला म्हणून बसायचं तर मुळीच नसतं."

तेव्हा वाचकहो, जुगाराचे नाव काढताच कानावर हात ठेवणाऱ्यांपैकी मी नाही, एवढे आधी नोंदवून ठेवतो. मी जे लिहिणार आहे ते वर्षातून एकदा पट मांडणाऱ्या आज्यांविरुद्ध नाही. ते आहे स्वस्त, सुशिक्षित आणि गादीच्या खुर्चीत बसून खेळल्या जाणाऱ्या जुगाराविरुद्ध.

माझा एक पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर त्याने मला स्वखर्चाने तिकडे नेले. चार दिवस झाले आणि तो म्हणाला, "काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. लास व्हेगस पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. आणि खर्चाची काळजी करू नका, आपण स्वस्तातलं ठिकाण घेऊ." सूनबाई काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला तेव्हा कळले नाही.

लॉस एंजलिसहून सव्वाचारशे किलोमीटर वाळवंट तुडवून आम्ही पोहोचलो. झगमगाटाचा मोठा रस्ता सोडून, शहराच्या जुन्या भागात आमचे उतरण्याचे ठिकाण होते. खोलीचे भाडे एकोणचाळीस डॉलर. मी मनातल्या मनात रुपये करून पाहिले आणि म्हटले, वा! पण काउंटरवर कळले, की त्यावर पस्तीस डॉलर 'रिसॉर्ट फी' निराळी. कशाची? तर पोहण्याच्या तलावाची, टेलिफोनची, कसरतीच्या खोलीची. मला पोहता येत नाही, हे मी त्या बाईंना सांगितले. त्या गोड हसल्या. (मे २०२५ पासून तिकडच्या सरकारने नियम केला आहे, की असली फी धरून होणारी पूर्ण रक्कमच आधी दाखविली पाहिजे. आम्ही एक वर्ष लवकर गेलो.)

खोलीकडे जायचे तर जुगाराच्या दालनातून. न्याहारीला जायचे तर त्याच दालनातून. दालनाला खिडकी नाही आणि भिंतीवर घड्याळ नाही. आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात घड्याळ आहे आणि मुलांचे निम्मे लक्ष त्यावर असते. येथे कोणालाच वेळेचे सोयरसुतक नव्हते. सकाळी सात वाजता एक म्हातारी, हातातली काठी यंत्राला टेकवून, कळ दाबीत बसली होती. खेळणाऱ्याला पेय फुकट. न खेळणाऱ्या मास्तराला पाण्याच्या बाटलीलाही दाम मोजावे लागले.

आता या स्वस्ताईचे थोडे गणित करू. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही; पण याला मॅट्रिकचे गणित पुरते. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. येथेही नाल आहे, पण ती दिसत नाही. रूलेटच्या चाकाला १ ते ३६ आकड्यांचे खण असतात, आणि वर शून्याचा एक. तुमचा आकडा आला तर एकाला पस्तीस मिळतात. शून्य एकच असेल तर खण झाले ३७, आणि मालकाची नाल शंभराला पावणेतीनच्या आत राहते. अमेरिकेत बहुधा शून्ये दोन. खण ३८ आणि नाल सव्वापाच. आणि आता काही चाकांना तीन शून्ये असतात; खण ३९, नाल पावणेआठच्या घरात. मौज अशी, की एक शून्याचे चाक बहुतेक ठिकाणी थोर पैसेवाल्यांच्या मेजावर असते, आणि तीन शून्यांचे मिळते ते पाच-दहा डॉलर घेऊन आलेल्याला. पत्त्यांतही तेच. मोठ्या रकमेच्या मेजावर एक्का-राजाला दोनास तीन मिळतात, स्वस्त मेजावर पाचास सहा. यंत्रांवर 'पेनी' असे लिहिलेले असते. पण एका दाबात पन्नास-पन्नास ओळींवर एकेक पेनी लागते. नेवाडाच्या नियमाप्रमाणे यंत्राने शंभरातले निदान पंच्याहत्तर परत दिले पाहिजेत. प्रत्यक्षात देतात त्याहून जास्त, पण सर्वांत कमी परत देतात ती ही गरिबांची पेनी यंत्रेच. म्हणजे खिसा जितका हलका, तितकी नाल जड! आमच्या गावचा सावकारसुद्धा याहून निराळे काही करीत नव्हता. फक्त त्याच्या ओसरीवर गालिचा नव्हता.

पण पुतण्या मला यंत्रे दाखवायला आला नव्हता. तो मला घेऊन गेला खेळांवर पैजा लावण्याच्या दालनात, आणि तेथे माझी खरी फजिती झाली. मी डोळ्यांसमोर आणला होता मटक्याचा अड्डा, आणि पाहतो तो अभ्यासिका! भिंतभर पडदे, कोठे बेसबॉल, कोठे बास्केटबॉल, कोठे घोडे. समोर ऐसपैस खुर्च्या, आणि त्यांत बसलेले लोक कागदावर पेन्सिलीने आकडेमोड करीत होते. कोणाचा आरडाओरडा नाही. माझ्या दहावीच्या वर्गात वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढी एकाग्रता मी पाहिलेली नाही.

"इथे नशीब नाही, काका," पुतण्या म्हणाला. "इथे अभ्यास आहे."

मी पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ विचारला. बहुतेक नावांपुढे 'वजा एकशे दहा' होते. त्याने समजावून दिले: कमजोर संघाला आधीच काही गुण बहाल करून दोन्ही पारडी सारखी करतात, मग कोणत्याही बाजूला एकशे दहा लावायचे, जिंकलात तर शंभर मिळतात. मी खिशातली पेन्सिल काढली. दोघांनी दोन बाजूंना एकशे दहा लावले, जमा झाले दोनशे वीस. जिंकणाऱ्याला त्याचे एकशे दहा आणि वर शंभर मिळून दोनशे दहा गेले. दहा उरले. कोणीही जिंको, दहा उरले! खेळणाऱ्याला नुसती बरोबरी राखायची तर एकवीस पैजांतल्या अकरा जिंकल्या पाहिजेत. आणि चार सामने एकत्र गुंफून लावलेल्या पैजेला तर त्या दालनात फार मान. सारख्या पारड्यांचे चार सामने सोळांत एकदा साधायचे; तेव्हा दहा डॉलरचे एकशे साठ व्हावेत. होतात एकशे तेहतीस. अभ्यास कितीही करा, आधी नाल.

मी हे सांगितले तेव्हा पुतण्या हसून म्हणाला, "हे सगळ्यांना माहीत असतं." तो इंजिनियर आहे. त्याला माझ्या दसपट गणित येते, आणि याच गोष्टीने मला धास्ती बसली.

खोटे कशाला बोलू? मीही दहा डॉलर लावले. बास्केटबॉलचा 'ब' मला ठाऊक नाही. निळा पोशाख बरा दिसला म्हणून निळ्यांवर लावले. पुढचे दोन तास मी मास्तर नव्हतो. वीस-बावीस वर्षांच्या एका पोराचा चेंडू कडीला लागून बाहेर गेला, तेव्हा मी त्याला मराठीत जी शिवी दिली ती या दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्या मुलाने माझे काय बिघडवले होते? निळे जिंकले. मला नऊ डॉलर नऊ सेंट मिळाले आणि आपण बास्केटबॉल ओळखतो असे मला, वाचकहो, खरोखर वाटले! त्या रात्री पुतण्या पहाटे तीनला वर आला. किती गेले ते त्याने सांगितले नाही. "उद्या भरून काढतो" एवढेच म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेली सूनबाई झोपलेली नव्हती.

आता कोणी म्हणेल, बंदी घातली म्हणून जुगार थांबतो काय? मग उघड करू द्यावा आणि कर घ्यावा. हे बोलणारे लोक साधे नाहीत. क्रिकेटच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीनेच २०१६ साली क्रिकेटवरील पैजा कायदेशीर कराव्यात असे सुचविले होते. त्यांचे म्हणणे असे, की उजेडात आणले की लबाडी कमी होईल. होते काय? नेवाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे, खेळांवरच्या पैजा १९४९ पासून. २०१८ च्या मे महिन्यात तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने इतर राज्यांनाही वाट मोकळी करून दिली, आणि तीसहून अधिक राज्यांनी दारे उघडली. एवढा उजेड असूनही एप्रिल २०२४ मध्ये तेथील बास्केटबॉल संघटनेला आपल्या एका खेळाडूवर पैजांच्या पायी जन्माची बंदी घालावी लागली. आम्ही जाण्याच्या आदल्याच महिन्यात!

गोव्याचे उदाहरण जवळचे. मांडवीत कॅसिनोच्या नौका उभ्या आहेत, आणि आपल्याकडचे पर्यटक तेथे हौसेने जातात. पण १ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने खुद्द गोमंतकीयांना तेथे खेळण्याची मनाई केली. पक्वान्न इतके चांगले असेल, तर घरच्या मुलांच्या ताटातून का काढता? महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला, हे बरे केले. मात्र आमच्या सरकारचेही हात अगदी स्वच्छ आहेत असे नाही. राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे.

मटक्याच्या अड्ड्यावर जाणारा माणूस बोळात वळण्यापूर्वी मागे-पुढे पाहत असे. ती लाज हाच आमच्या गावातल्या बायकापोरांचा विमा होता. 'कौशल्य' या शब्दाने ती लाज घालविली. १९५७ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसांच्या स्पर्धांचा निवाडा करताना कौशल्याचा खेळ आणि जुगार यांत रेषा ओढली. रेषा चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण पुढे त्या रेषेवरून पैशांच्या खेळांचे अख्खे कारखाने पलीकडे गेले, आणि असल्याच एका कंपनीचे नाव २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हाच ते नाव उतरले. माझ्या वर्गातल्या मुलांच्या सदऱ्यांवर अजून आहे. सदरे फाटायचे आहेत.

हा कायदा एका मुलासाठी उशिरा आला. तो माझा जुना विद्यार्थी, दूध संघात गाडी चालवीत असे. मी अमेरिकेहून परतल्यावर चार-पाच महिन्यांनी, रात्री नऊच्या सुमारास तो दारात उभा राहिला. मोबाईलवर क्रिकेटचे संघ बनवून पैसे लावण्याचा नाद त्याला लागला होता. सुरुवात एकोणपन्नास रुपयांपासून, स्वस्तातच. मग मोबाईलवरूनच कर्जे, आणि शेवटी आईच्या पाटल्या. मी रागावलो, जुगार हा शब्द वापरला, तेव्हा तो दुखावला.

"गुरुजी, हा जुगार नाही," तो म्हणाला. "मी अभ्यास करतो. सरासरी तुम्हीच शिकवलीत ना?"

आणि त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक फलंदाजाची धावसंख्या, कोणत्या मैदानावर, कोणत्या गोलंदाजापुढे, सारे तांबड्या शाईने आखलेल्या रकान्यांत. शाळेत असताना त्याची एकही वही इतकी नेटकी नव्हती. वही माझ्याकडेच राहिली. तो आता पुण्याला एका गोदामात हमाली करतो. पाटल्या सुटायच्या आहेत.

ती वही मी मागल्या महिन्यात सवडीने तपासली. सरासऱ्या सगळ्या बरोबर आहेत. प्रत्येक संघामागे कंपनीने किती कापून घेतले, त्याचा रकाना मात्र कोठे नाही. भाऊबीजेला तो बहिणीकडे येणार असल्याचा निरोप आहे. वही मागेल. तो रकाना आखून मी ती त्याला द्यायची, की चुलीत घालायची, हे माझे अजून ठरत नाही.