‘सारखा’ परका नव्हे

हैदराबादेतील एका देवस्थानाच्या उत्सवपत्रिकेचा मसुदा नुकताच आमच्या पाहण्यात आला. ‘सर्व भक्तांस सारखा प्रसाद मिळेल’ या वाक्यातील ‘सारखा’ खोडून तेथे ‘सदृश’ लिहिले होते. प्रसादाऐवजी प्रसादासारखे काहीतरी मिळणार की काय, अशी शंका भक्तांस यावी! कारण विचारता उत्तर मिळाले : शहरातील दखनी बोलणारे ‘सरीका’ म्हणतात, सबब शब्द यावनी, देवाच्या पत्रिकेत नको.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. चेहरा मिळतो एवढ्यावरून न्यायालयात कोणी वारस ठरत नाही; वंशावळ सिद्ध करावी लागते. तर ‘सारखा’ची वंशावळ पाहू. संस्कृतात ‘दृश्’ धातूपासून ‘सदृश’ आणि ‘सदृक्ष’ ही दोन भावंडे झाली. अर्थ एकच, समान दिसणारा. प्राकृतात ‘सदृक्ष’चे ‘सरिक्ख’ आणि ‘सरिच्छ’ झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात ‘सरिच्छ’ नोंदलेला आहे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत ‘सारिखा’ येतो, आणि आज आपण ‘सारखा’ म्हणतो. गुजरातीतील ‘सरखुं’, हिंदीतील ‘सरीखा’ आणि दखनीतील ‘सरीका’ ही याच घराण्यातील मंडळी. बहीण शेजारच्या घरी नांदते म्हणून ती परकी होत नाही.

आमच्या कोंकणी वाचकांचा ‘सारको’ही याच कुळातला. कोंकणीत तर ‘सारकें’ म्हणजे योग्य, बिनचूक असाही अर्थ आहे. ज्या शब्दाने आमच्या आज्या खऱ्याला खरे म्हणत आल्या, तोच विटाळलेला ठरवायचा काय? घरची बोली देवळाच्या उंबरठ्याबाहेर ठेवावी लागते, असे एकदा मुलांच्या मनात भरले की ती देवळात मुकी होतात आणि पुढे घरातही. परप्रांतात राहणाऱ्या समाजाला ही हानी परवडणारी नाही.

गंमत अशी की, खाडाखोड संपवून शुद्धिकर्ते समाधानाने उद्गारले, “आता बरोबर झाले!” हा ‘बरोबर’ मात्र अस्सल फारसी, ‘बर’ म्हणजे छाती, छातीशी छाती भिडवून उभे ते बरोबर. त्यालाही हाकलावे असे आमचे म्हणणे नाही. तोही आता घरचाच झाला आहे. परंतु सोवळे पाळणाऱ्याने निदान विटाळ कोठे आहे हे तरी ओळखावे. पत्रिकेत ‘सारखा’ परत घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.