शब्दाची शिवी होते तेव्हा

वर्तमानपत्रांच्या भाषेत चुकांना आणि मूर्खांना नावे पुष्कळ. छापताना अक्षर चुकले की तो 'मुद्राराक्षसाचा प्रताप'. संपादकाच्या नजरेतून भलतेच काही सुटले की ती 'डुलकी'. सरकारचा बेत फसला की 'फज्जा', खात्याचा कारभार बिघडला की 'बट्ट्याबोळ', भरवशाच्या खेळाडूने सोपा झेल सोडला की त्याने 'माती खाल्ली'. वरिष्ठांपुढे मान डोलावणारा पुढारी 'नंदीबैल'. हे शब्द चटपटीत असतात, मथळ्याच्या अरुंद जागेत मावतात. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. चुकणाऱ्याला चुकला म्हटलेच पाहिजे.

तक्रार आहे ती दुसऱ्या शब्दांबद्दल. आमदार एकमेकांवर धावून गेले की 'सभागृहात तमाशा' छापून येते. कोणी नसत्या विचारणा केल्या की त्या 'चांभारचौकश्या'. म्हातारीचे दागिने पळवले की 'भामट्याने गंडा घातला'. राजकारणात उलटसुलट उड्या पडल्या की 'डोंबाऱ्याचा खेळ'.

आता पाहा, चूक कोणाची आणि नाव कोणाचे! भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातील विठाबाईंनी ज्या तमाशासाठी उभा जन्म वेचला, तो आमदारांच्या धिंगाण्याचे नाव का व्हावा? चांभार चामड्याचे काम करतो, डोंबारी जीव धोक्यात घालून दोरीवर चालतो. यात मूर्खपणा कोठे आहे? 'भामटा' हे तर महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतले नाव. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, पण बातमीतला शब्द गेला नाही.

ही रीत नवी नाही. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानांपिय', म्हणजे देवांना प्रिय, असे म्हटले. आपल्या नालासोपाऱ्यालाही १८८२ साली त्याच्या लेखाचा तुकडा सापडला. पण पुढे वैयाकरणांनी त्याच शब्दाचे काय केले? सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त 'देवानांप्रिय' म्हणजे मूर्ख! बौद्ध राजाची पदवी मूर्खाचे नाव झाली. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे पंथ. सर्व पंथांचा आदर करा, असे तो सांगतो. आज 'पाखंडी' म्हणजे ढोंगी. माणसे हरवता येत नाहीत तेव्हा त्यांचे शब्द बिघडवले जातात.

परमपूज्य बाबासाहेबांनी याचे उत्तर वर्तमानपत्रांच्या नावांतूनच दिले. ज्यांना समाजाने मुके केले त्यांच्यासाठी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. ज्यांना वाळीत टाकले त्यांच्यासाठी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आले. आणि १९५६ साली 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. मुका, बहिष्कृत, प्रबुद्ध! तीन नावांत एका समाजाची वाटचाल आहे.

म्हणून माता-पित्यांना आमचे सांगणे एवढेच. मुलांकडून रोज एक बातमी मोठ्याने वाचून घ्या. एखाद्या जातीचे किंवा धंद्याचे नाव शिवीसारखे वापरलेले दिसले तर पेन्सिलीने खूण करा आणि विचारा, "बाळ, इथे दुसरा कोणता शब्द चालला असता?" तमाशाऐवजी धिंगाणा, भामट्याऐवजी ठग, चांभारचौकशीऐवजी नसती चौकशी. अर्थ तोच राहतो आणि कोणाची मान खाली जात नाही. मग त्याच मुलाच्या हाताने संपादकाला एक पत्र लिहवून घ्या. पत्र छापून येवो न येवो, शब्द तोलायला मूल शिकेल.

आणि हाच नियम आपल्या चाळीत, नळावर, भांडणातही पाळावा. सम्यक वाचा ही पंचशीलाइतकीच रोजची गोष्ट आहे. जे बाहेरच्यांकडून मागायचे, ते आधी आपल्या उंबऱ्याच्या आत दिसले पाहिजे.

जयभीम!