सायलेंट व्हॅली : दौऱ्याच्या अखेरीस नव्हे, मध्यावर

शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात अरण्याच्या वाट्याला बहुधा शेवटच्या दिवसाची दुपार येते. मिरी-वेलचीच्या बागा आणि संशोधन केंद्रे पाहून झाली की उरलेल्या वेळात ‘स्थळदर्शन’. केरळमधील पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची तरी अशी बोळवण होऊ नये. हे अरण्य टिकले, त्यात कृषिशास्त्राचाही वाटा आहे.

कुंतीपुळा नदीवरील नियोजित जलविद्युत प्रकल्पाचा वाद तापला, तेव्हा १९७९ मध्ये केंद्रीय कृषी सचिव असलेल्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी हे खोरे पाहिले. आसपासच्या वनांसह सुमारे ३९० चौरस किलोमीटर क्षेत्र राखून ठेवावे, अशी शिफारस त्यांनी केली. तेथील मोलाची जनुकीय संपदा नष्ट होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९८४ मध्ये खोरे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. रानटी वाणांचे मोल भातपिकाने दाखवून दिलेच आहे. ग्रासी स्टंट या विषाणूजन्य रोगास प्रतिकार करणारे जनुक हजारो नमुने तपासल्यानंतर उत्तर प्रदेशातील एका रानभातात सापडले.

मुक्काली येथून वनखात्याच्या परवानगीने सैरंध्रीपर्यंत जाता येते. केवळ सिंहपुच्छ वानर पाहण्याच्या आशेने गेलेला मात्र पुष्कळदा निराश होऊन परततो. पश्चिम घाटाबाहेर कोठेही न आढळणारे हे वानर उंच वृक्षशेंड्यांतून फिरते. कुलेनियाची फळे हा त्याचा महत्त्वाचा आहार. शेंड्यांची सलगता तुटली की त्याची वाटच तुटते. शेतकऱ्याने वर जितके पाहावे तितकेच खालीही पाहावे : पालापाचोळ्याचा थर, त्याखालची भुसभुशीत माती, खोडावर चढलेली रानमिरीची वेल. या खोऱ्याचे नाव धारण करणारी मिरीची एक प्रजातीही आहे.

खरी अडचण येथेच उद्भवते. चांगली वेल दिसली की बागायतदाराचा हात कात्रीकडे जातो, स्वभावच तो! परंतु राष्ट्रीय उद्यानातून विनापरवाना फाटा तोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ‘अभ्यासासाठी नेला’ ही सबब विस्तार कार्यकर्त्याने तरी ऐकून घेऊ नये. मिरीचे जननद्रव्य कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने जतन केले आहे. आधी पत्रव्यवहार करून दौरा तेथूनच सुरू करावा आणि मग अरण्यात जावे. लागवडीचे साहित्य हवे असल्यास ते कोठे मागावे, हे तोवर सर्वांना ठाऊक झालेले असते.

वाटेत मिरीच्या बागा लागणारच. मूळकुजीची बुरशी मातीतून पसरते. म्हणून मुक्कालीला गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने बुटांना लागलेली माती धुऊन काढावी.