‘जयभीम’ पहिल्यांदा कुणी म्हटले?



‘जयभीम’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. विहारात, लग्नात, मयतीत, लूमच्या दारात पाळी बदलताना. मागच्या महिन्यात मात्र याच शब्दाने आमची चांगली फजिती केली.

झाले असे की, शेजारच्या खोलीत पोरे मोबाईलवर ‘जय भीम’ हा सिनेमा पाहत बसली होती. 2021 सालचा, मुळात तमिळ. त्यांनी हिंदीतला लावला होता. दिवसभर कांड्या भरून आलेल्या दोघी जणी दाराला टेकून बघत होत्या. इरुळर जमातीच्या एका गरिबावर चोरीचा आळ येतो, पोलीस त्याला कोठडीत मारून टाकतात आणि त्याची बायको वकिलाच्या मदतीने हायकोर्टात दाद मागते. 1993 साली तामिळनाडूत खरोखर घडलेल्या प्रकरणावरून ही गोष्ट घेतलेली आहे. सिनेमा संपला तेव्हा त्या दोघींचे डोळे ओले होते. तेवढ्यात सातवीतल्या एका पोरीने विचारले, “पण जयभीम पहिल्यांदा कुणी म्हटले?”

खोलीत आम्ही सहा मोठी माणसे. एक म्हणाला, 1956 ला दीक्षाभूमीवर. दुसरा म्हणाला, महाडच्या तळ्यावर. दर आठवड्याला हे सदर खरडणारे आम्ही म्हणालो, “अगं, समाजानेच दिला.” उत्तर येत नसले की समाजावर ढकलावे, ही आमची जुनी खोड!

तेव्हा कोपऱ्यातली आजी बोलली. तिचे माहेर नागपूरकडचे. “समाजानं नाही, आमच्या कामठीच्या बाबू हरदासनं. माझा बाप सांगायचा. बाप बिड्या वळायचा.”

आम्ही गप्प झालो. मग शोधाशोध केली.

हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन. जन्म 6 जानेवारी 1904, कामठी. वडील रेल्वेत कारकून. सतराव्या वर्षी या पोराने ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक काढले. आज त्या वयाची आपली मुले दहावी-बारावीच्या निकालाची वाट बघत असतात, म्हणून सांगितले. कामठीत त्यांनी रात्रीच्या शाळा चालवल्या, वाचनालय काढले, नागपुरात बायकांसाठी आश्रम काढला. बिडी कामगारांना संघटित केले. बिडीच्या धंद्यात ‘छाट’ नावाचा प्रकार असतो. मालकाचा माणूस बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही आणि बिड्या मात्र ठेवून घेतो. कापडात डाग निघाला म्हणून ज्यांची मजुरी कापली गेली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा पुढारी कोण, असा वाद पेटला. हरदासांनी इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना तार केली, की आमचे पुढारी डॉ. आंबेडकर. 1937 च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. आणि 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने गेले. वय अवघे पस्तीस.

आता ‘जयभीम’ची गोष्ट. सांगतात ती अशी. मुसलमान बांधव भेटले की एक जण ‘सलाम अलैकुम’ म्हणतो आणि दुसरा ‘वालेकुम सलाम’ म्हणतो, हे पाहून हरदासांनी एका मौलवींना त्याचा अर्थ विचारला. मग मनात आले, आपल्या माणसांनी अजून किती दिवस वाकून जोहार करायचा? एकाने ‘जयभीम’ म्हणावे, दुसऱ्याने ‘बलभीम’ म्हणावे, असे आधी ठरले. पुढे ‘बलभीम’ मागे पडला आणि दोघेही ‘जयभीम’च म्हणू लागले. भिवंडीत राहणाऱ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागू नये. आपल्या गल्लीत सकाळी हे दोन्ही शब्द एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

या माणसावर सिनेमा नाही, असेही नाही. ‘बोले इंडिया जयभीम’ हा मराठी सिनेमा 2016 साली आला. आम्ही तो पाहिलेला नाही, हे कबूल करतो. इथल्या कुठल्या थिएटरला तो लागल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तमिळ सिनेमात मोठा नट होता, मोठी कंपनी होती, म्हणून तो आमच्या खोलीपर्यंत पोचला. आमच्याच राज्यातल्या, आमच्याच भाषेतल्या माणसाचा सिनेमा पोचला नाही.

सिनेमाला आम्ही नावे ठेवत नाही. आचार्य अत्रे यांनी 1954 साली ‘महात्मा फुले’ काढला, त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. त्यांना या माध्यमाची ताकद कळत नव्हती काय? पण सिनेमावाल्यांच्याही अडचणी असतात. 2025 साली हिंदीत ‘फुले’ आला, तर सेन्सॉरने त्यातले ‘महार’, ‘मांग’ हे शब्दच काढायला लावले आणि प्रदर्शन 11 एप्रिलवरून 25 एप्रिलवर गेले. ज्यांच्यासाठी जोतीरावांनी शाळा काढली, त्यांचेच नाव गाळा! तेव्हा बाबू हरदासांची वाट पडदा कधी दाखवील, याचा भरवसा धरून बसण्यात अर्थ नाही.

आजीला आम्ही विचारले, “इतकी वर्षे तू बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “कुणी इचारलंच नाही.”

आता विचारतो. तुमच्या घरात आजी, आजोबा, काका असतील, गावाकडचा एखादा मास्तर, शाहीर, बिडीवाला, गिरणीवाला कार्यकर्ता त्यांना आठवत असेल, तर दोन ओळी लिहून पाठवा. माणसाचे नाव, गाव, साल आणि काय केले, एवढे पुरे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही बघून घेऊ. जुना फोटो असेल तर मागे नाव लिहून पाठवा, जपून परत करू.