कोल्हा सुटला, हे मुलांना सांगा

आमच्या किनाऱ्यावर पडाव म्हणजे होडी. ग्वाल्हेरचा पडाव म्हणजे स्टेशनाजवळची गजबजलेली वस्ती. तिकडे या शब्दाचा अर्थ मुक्काम. शिंद्यांच्या मागून त्या शहरात गेलेली कितीतरी मराठी घरं मुक्कामालाच राहिली. पडावातल्या अशाच एका घरी जेवायला गेलो होतो. जेवणानंतर घरातल्या छोट्या मुलीनं पंचतंत्रातली सिंह आणि बैलाची गोष्ट वाचून दाखवली. गोष्टीखाली चौकट होती : 'तात्पर्य – चहाडखोरांपासून सावध राहावे.'

तिनं विचारलं, "आजोबा, मग कोल्ह्याचं काय झालं?"

"त्याला शिक्षा झाली, बाळ."

साफ खोटं! मूळ गोष्टीत पिंगलक सिंह आपल्याच मित्राला, संजीवक बैलाला, ठार करतो आणि मग शोक करत बसतो. हे सगळं घडवून आणणारा दमनक कोल्हा त्याचं सांत्वन करतो आणि मंत्रिपद उपभोगतो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं 'कलीला व दिमना' अरबीत आणलं. त्या ग्रंथात दिमनावर खटला भरणारा एक जादा अध्याय आहे, तो त्यानंच जोडला असं मानतात. म्हणजे हा शेवट त्यालाही पचला नव्हता. पण त्यानं निदान खटला तरी चालवला. आपण नुसती चौकट छापतो.

मुलांना एवढं कशाला, असं म्हणाल. पण विष्णुशर्म्यानं हे सांगितलं ते राजपुत्रांना, राज्य चालवता यावं म्हणून. चक्रधरांनी हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत दिला तो जाणत्या शिष्यांना. पुढे छापखाने आले. तंजावरला सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, त्या पुस्तकाचं नावच 'बालबोधमुक्तावली'. 1815 साली श्रीरामपूरला मराठी 'हितोपदेश' छापला गेला. हे उपकार मोठेच. पण पुढे प्राण्यांच्या गोष्टींना 'बाल' चिकटलं ते कायमचं, आणि मोठ्यांनी त्या वाचणं सोडलं.

परिणाम बघा. इसापच्या वटवाघळाला पक्षी आणि पशू दोघेही हाकलून देतात. गोव्यात 2019 साली काँग्रेसचे 10 आमदार भाजपमध्ये गेले. त्यांतले तिघे लगेच मंत्री झाले. 2022 साली आणखी 8 गेले. चौकटीतल्या तात्पर्यावर वाढलेल्या मुलाला हे कसं समजणार? तो शिक्षेची वाट बघत बसेल, आणि ती झाली नाही की म्हणेल, राजकारणच घाणेरडं, आपल्याला काय त्याचं! दमनक माहीत असलेला मुलगा मात्र विचारेल : सिंहानं ऐकलंच का? करटक सगळं जाणून होता, तो वेळीच सिंहाकडे का गेला नाही?

हे प्रश्न चौकटीत मावत नाहीत. म्हणून प्रकाशकांना विनंती : ती चौकट काढा. आणि आजोबांना : कोल्हा मंत्री झाला, हे सांगून टाका. पोरगी रागावेल. रागावू द्या.